ऐन कापणीत

ऐन कापणीच्या दिवसांत दादा शहरात दिसला आणि बारकीच्या हातातली शिवण वाकडी गेली. शिंप्याच्या दुकानाच्या काचेपलीकडून तो गेला, एवढंच. खांदे पुढे झुकलेले, चालताना डावा पाय जरासा फेकायची ती लकब, आणि डोकं उघडं. एका घोडागाडीला वाट द्यायला तो थांबला, गाडी निघून गेली तरी थांबूनच राहिला, आणि मग मागून येणाऱ्या माणसांनी त्याला जवळजवळ ढकलतच पुढे नेलं. बारकीचा पाय मशीनच्या फळीवर तसाच हलत राहिला. सुई कुणा वकिलाच्या कोटाच्या बाहीवरून भरकटून अस्तरात घुसली, आवाज बदलला, तेव्हा कुठे ती भानावर आली. समोर बसून काजबटणं करणाऱ्या बाईला दुकानात सगळे बटणवालीच म्हणत. तिनं मान वर न करता विचारलं, काय गं, भूत बघितलंस का? बारकी म्हणाली, भाऊ. बटणवालीला चार भाऊ होते. ती म्हणाली, मग भूत बरं, ते निदान जेवायला थांबत नाही. एरवी बारकी हसली असती.

गहू पिकून उभा असताना शेतकरी शहरात येत नाही. इतकी वर्षं या दुकानात पायाखाली फळी हलवण्यात गेली, गावाकडचं पुष्कळ पुसलं गेलं, गायींची नावं, बांधावरची झाडं, कुठल्या वाटेनं विहिरीकडे लवकर पोचता येतं ते. पण हे अंगातच होतं. अजूनही या दिवसांत तिला पहाटे आपोआप जाग यायची आणि मग अंथरुणात पडून ती स्वतःवरच चिडायची. आई गेली तीही कापणीतच. सकाळी आईला पोचवून सगळे घरी आले, आणि दुपारी बाबा पुन्हा शेतात होते, विळा हातात, पाठ वाकलेली. त्यांच्या मागे ओळीत दादा, त्याच्या मागे मजूर. लहानग्या बारकीनं बांधावरून ते बघितलं होतं. तिला तेव्हा वाटलं होतं, आपल्या घरी रडायला गहू घरात यावा लागतो. मग आता असं काय झालं होतं, की दादा उघड्या डोक्यानं या रस्त्यावरून चालत होता? बाबा गेले असते तर तो सरळ दुकानात आला असता. वहिनीचं काही झालं असतं तरी आला असता. गंजीला आग लागली असती तर तो तिथून हललाच नसता. दुकान कुठे आहे हे त्याला नीट माहीत होतं. काचेजवळून गेला आणि त्यानं काचेकडे बघितलं नाही, इतकं न बघण्यासाठी माणसाला आधी ठरवावं लागतं.

ती वाकडी शिवण उसवत बसली. उसवायला शिवण्यापेक्षा वेळ लागतो. एकेक टाका सुईच्या टोकानं उचलायचा, कापड ओढू द्यायचं नाही. कोळशाच्या इस्त्रीखाली ओली लोकर वाफ टाकत होती आणि तो वास आज तिला गोठ्यातल्या भिजलेल्या जनावरांच्या वासासारखा आला. मालक दोनदा मागे येऊन उभे राहिले आणि गेले. माणूस मागे येऊन उभं राहिलं की बारकीची मान आपोआप खांद्यात जाई. मालक तसे भले होते, त्यांनी कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता; मान त्यांच्यासाठी जात नव्हती. घरी बाबांच्या पायातल्या जोड्यांचा आवाज उंबऱ्यावर आला की बोलणं अर्ध्यात थांबायचं. आई भांड्यावरचं झाकण सावकाश ठेवायची. बाबा दारू पीत नव्हते, शिव्या देत नव्हते, कुणाचं एक कणीस त्यांनी कधी लाटलं नव्हतं. आजारी वासराला मांडीवर घेऊन ते गोठ्यात बसलेले बारकीनं बघितले होते, आणि त्या वासराशी ते ज्या आवाजात बोलत तो आवाज घरात कुणीच कधी ऐकला नव्हता. दादाला मात्र ते मारत. उलटा पडलेला नांगर, उशिरा सोडलेलं पाणी, कधी नुसतं चुकीच्या वेळी हसणं. बारकीला त्यांनी कधीच मारलं नाही. बोटही लावलं नाही. पण दादाला बसणारी प्रत्येक थप्पड तिच्या गालाजवळून जायची, आणि पुढची आपली असेल या धाकात तिचं सगळं लहानपण गेलं. ती थप्पड आलीच नाही. न आलेली गोष्ट संपतही नाही, हे तिला लग्न होऊन शहरात आल्यावर कळलं.

लग्न झालं ते याच दुकानात कापड बेतणाऱ्या एका शांत माणसाशी. तो थोडीच वर्षं जगला. तो गेल्यावर महिन्याभरात दादा गाडी घेऊन दारात उभा राहिला. बाबांनी सांगितलंय, सामान भर, घरी चल. बारकीनं सामान भरलं नाही. मी इथंच शिवीन, म्हणाली. दादा बराच वेळ जिन्यात उभा होता. त्यानं तिची समजूत घातली नाही, रागावला नाही. फक्त एकदा म्हणाला की रिकामी गाडी घेऊन जाऊ का मी? आणि तिनं हो म्हटलं. चाकं दगडी रस्त्यावर खडखडत लांब गेली. भरलेली गाडी अशी वाजत नाही. घरी पोचल्यावर बाबांनी त्याला काय केलं हे तिनं कधी विचारलं नाही. नंतर लग्नाकार्याला, बाळंतपणाला दोन-चारदा गाठ पडली. दादा नीट बोलला, वहिनीनं गव्हाचं पोतं बांधून दिलं, बाबांनी तिच्याकडे न बघता तिची प्रकृती विचारली. पण ती खडखड मधे असायची. आता टाके उसवताना तिला वाटलं, दादा आज काचेकडे न बघता गेला तो त्याच हिशेबानं गेला असेल. मग वाटलं, छे, दादाला असला हिशेब ठेवता येत नाही. मग पुन्हा वाटलं, आपल्याला दादाबद्दल माहीत तरी काय आहे?

दुपारच्या सुटीत तिनं दोन-तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. गर्दीत सगळ्यांच्याच डोक्यावर टोप्या होत्या. परतल्यावर बटणवालीनं तिच्याकडे नीट बघितलं आणि थट्टा बाजूला ठेवून सांगितलं, की गावाकडून घर सोडून आलेला माणूस शेवटी नदीकाठच्या लाकडाच्या वखारीत सापडतो. तिथं नाव विचारत नाहीत, खांदा बघतात. घर सोडून, हे शब्द बारकीनं मनात पुन्हा म्हणून बघितले. तोवर तिच्या मनात मरणं, आगी, रोग सगळं येऊन गेलं होतं. हे आलं नव्हतं. दादा आणि घर सोडून? घरानं दादाला सोडलं असतं एक वेळ.

तो वखारीतच होता. संध्याकाळच्या उजेडात फळ्या वाहून नेत होता, शर्टाच्या पाठीवर लाकडाचा भुसा चिकटलेला. तिला बघून त्यानं खांद्यावरची फळी सावकाश खाली ठेवली, एका टोकाकडून, दुसऱ्या टोकाकडून, आणि म्हणाला, "तू इथं काय करतेस?" जणू जागा चुकलेलं माणूस तीच होती.

मग ओंडक्यावर बसून त्यानं सांगितलं. सलग नाही, मधे थांबत, मधेच वखारीतल्या सागाच्या भावाबद्दल बोलत. खालचा नदीकाठचा तुकडा आणि वरचा माळावरचा तुकडा, दोन्ही एकदमच पिकले होते. वरच्याचा दाणा झडायला आला होता, म्हणून दादानं सकाळी मजुरांना वर लावलं. बाबांचं म्हणणं खालचा आधी, दरवर्षी खालचाच आधी. तिथली जमीन पाणी धरते, पाऊस आला तर पीक लोळतं. बाबा वर आले. काम थांबवा म्हणाले. दादा म्हणाला की आता अर्धं कापून झालंय, दुपारी जातो खाली. एवढंच बोलला तो. पंचेचाळिशी उलटलेला माणूस, बायको ओळीत शेजारी कापत होती, पोरगा पेंढ्या बांधत होता.

"लागलं नाही, बारके," दादा म्हणाला. "त्यांच्या हातात आता काय जोर राहिलाय? पण आवाज झाला. सगळे विळे थांबले. आणि मग... मग सगळे विळे पुन्हा सुरू झाले."

टोपी उडून पडली होती ती त्यानं उचलली नाही. विळा बांधावर ठेवला, पातं आतल्या बाजूला करून, कुणाच्या पायाला लागू नये म्हणून. आणि चालायला लागला. कुणी हाक मारली का, असं बारकीनं विचारलं. त्याला आठवत नव्हतं. वहिनीचं काय, हे मात्र तिनं विचारलं नाही. तो प्रश्न तिच्या तोंडापर्यंत आला आणि तिथं बसून राहिला. त्याऐवजी तिनं दुसरंच विचारलं. तेव्हा, रिकामी गाडी घेऊन गेलास तेव्हा काय झालं होतं? दादाला आठवायला वेळ लागला. मग म्हणाला, काही नाही, गाडी रिकामी बघून ते आत गेले, आणि जेवले नाहीत. इतकी वर्षं तिनं मनात त्या अंगणात दादाला मार खाताना बघितलं होतं. आता तिथं एक न जेवलेला म्हातारा येऊन बसला, आणि त्याचं काय करायचं ते तिला कळेना.

ती त्याला आपल्या खोलीवर घेऊन गेली. घरमालकिणीला सांगितलं की भाऊ दाताच्या वैद्याकडे आलाय. दादा कोपऱ्यात जमिनीवर झोपला आणि झोपेत मुळीच हलला नाही. पुढचे काही दिवस विचित्र गेले. दादा खुशीत होता. सकाळी शीळ घालत तोंड धुवायचा, संध्याकाळी रस्त्यावर गॅसचे दिवे लावणाऱ्या माणसाच्या मागे मागे दोन चौक जाऊन यायचा, आणि जेवताना रोज एकच गोष्ट नव्यानं सांगायचा: घंटा झाली की काम संपतं, बारके. फळी जिथं असेल तिथं टाकायची. आज काय केलंस असं कुणी विचारत नाही. त्याच्या कपाळावरची आठी सैल पडत चालली होती, तो बारकीच्या लहानपणीच्या दादासारखा दिसू लागला होता, आणि हे सगळं बघताना तिला आनंद व्हायला हवा होता. तिला आनंद व्हायचा, मग तो विटायचा. कारण ती आभाळ बघू लागली होती. दुकानाच्या काचेतून छपरांच्या मधे आभाळाची जी चिंधी दिसायची तिच्यावर एखादा ढग आला तरी तिचा पाय फळीवर अडखळायचा. वारा दक्षिणेकडून आहे का? दमट आहे का? पोराला घेऊन वहिनी एकटी किती कापणार? मजूर टिकले असतील का? दादा शीळ घालत होता आणि त्याच्या वाटणीची काळजी कुणीतरी न विचारता बारकीच्या खांद्यावर आणून ठेवली होती. एकदा तिला वाटलं, याला हाकलून द्यावं. एकदा वाटलं, याला कोंडून ठेवावं, म्हणजे कुणी न्यायला आलं तरी सापडणार नाही. दोन्ही एकाच संध्याकाळी वाटलं, त्याच्या ताटात वाढता वाढता.

आणि मग बाबा दुकानात आले. काचेचं दार कसं उघडतं ते त्यांना कळेना, ते बाहेर उभे राहून दाराकडे बघत होते. मालकांनीच गिऱ्हाईक समजून उघडलं. अंगात एकुलता एक चांगला कोट, हातात टोपी, जोड्यांवर वाटेची धूळ. टांगलेल्या कोटांच्या रांगांमधे ते उभे राहिले तेव्हा बारकीला प्रथम दिसलं की ते केवढे लहान झाले आहेत. मालकांनी आदबीनं विचारलं, काय हवंय आपल्याला?

"मुलगा," बाबा म्हणाले.

बटणवाली हसायला लागली होती ती अर्ध्यात थांबली. बारकी उठली. तिची मान खांद्यात गेली होती, आणि त्याच वेळी मनाचा एक कोपरा थंडपणे बघत होता की बाबांच्या कोटाची शिवण काखेत उसवली आहे. माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. तिनं ते मनात म्हणूनही बघितलं. बाबांशी ती आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. बोलायची वेळच आली नव्हती, कारण प्रकृतीपलीकडे त्यांनी कधी तिला काही विचारलंच नव्हतं. आताही त्यांनी विचारलं नाही. ते नुसते उभे राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, आज वारा पडलाय म्हणावं तसं, म्हणाले की सूनबाई म्हणाली, तुम्ही घालवलंत, तुम्ही आणा. त्या घरात असं वाक्य कुणी उच्चारू शकतं हे बारकीला खरं वाटेना. आणि ते वाक्य ऐकून बाबा निघाले होते. पायी.

तिनं मालकांची परवानगी मागितली आणि त्यांना वखारीकडे घेऊन गेली. आपण दादाला पकडून देतोय, असं एका पावलाला वाटत होतं, आणि पुढच्या पावलाला वाटत होतं, नाही तर वहिनीला बुडवतोय. बाबा भिंतीला धरून चालत होते. चौकात आभाळ मोकळं दिसलं तेव्हा थांबले, वर बघितलं, ओठ आवळले आणि पुन्हा चालू लागले.

वखारीत दादाच्या खांद्यावर फळी होती. ती त्यानं या वेळी खाली ठेवली नाही. फळी खांद्यावर घेऊनच तो बापासमोर उभा राहिला, म्हणून बाबांना त्याच्यापासून जरा लांबच उभं राहावं लागलं. बाबा म्हणाले, "चल."

दादानं खांद्यावरची फळी सावरली. कुठेतरी करवत चालली होती. मग तो म्हणाला, "कुठला तुकडा आधी, ते मी ठरवणार."

त्यानं ते तिथल्या तिथं शोधून काढलं होतं, हे बारकीला त्याच्या आवाजावरूनच कळलं. बाबांना जे कधीच देता येणार नाही असं काहीतरी मागायचं, ते नाही म्हणतील, पाठ फिरवतील, आणि आपण फळी घेऊन आत जाऊ. वर्षानुवर्षं जो नकार त्याला नुसता गिळावा लागला होता, तो आज त्याला हवा होता. बाबांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. करवत थांबली, पुन्हा सुरू झाली.

"ठरव," ते म्हणाले.

दाराला खांदा लावून सगळं बळ एकवटावं आणि दार उघडंच असावं, तसा दादाचा चेहरा झाला. तो बारकीकडे बघू लागला. पाठीवर भुसा, घामानं चिकटलेले केस, आणि डोळ्यांत सरळ मागणं: तू बोल. तू त्यांना सांग, हा येणार नाही म्हणून. तुला एकदा जमलं होतं. बारकीच्या जिभेवर ते शब्द होते, अगदी तयार, नुसतं तोंड उघडायचं होतं. पण तिला वहिनीची वाकलेली पाठ दिसत होती. आणि त्याहून खोल, जिथं ती सहसा बघत नसे तिथं, एक लहानशी दुष्ट गोष्टही दिसत होती: हा सुटला तर तिकडचं ओझं कुणाकडे येईल? ती म्हणाली, "माणसं कमी असतील. मीही येते."

तिनं कुणाची बाजू घेतली हे त्या दोघांपैकी कुणालाच कळलं नाही, तिलाही नाही.

घरी पोचले तेव्हा वहिनी अंगणात विळ्यांना धार लावत होती. तिनं दादाकडे बघितलं नाही. बारकीला म्हणाली, "आलीस? तुझा विळा त्या कोपऱ्यात आहे," आणि धार लावत राहिली. दादाची टोपी धुऊन खुंटीला लावलेली होती. दादा नसताना काय झालं ते वहिनीनं चुलीपाशी थोडक्यात सांगितलं: निम्मे मजूर दुसरीकडे गेले, बाबा दोन दिवस अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडून होते, वरच्याचा तिसरा हिस्सा आणि खालचा सगळा उभाच आहे. हे सांगताना ती रडली नाही. तिचे तळवे सोलून निघाले होते आणि त्यावर तिनं तेल लावलेलं होतं. बारकीनं आपले तळवे पदरात लपवले.

सकाळी सगळे अंगणात जमले आणि दादाच्या तोंडाकडे बघू लागले. असं याआधी कधी झालं नव्हतं. लोक बाबांच्या तोंडाकडे बघायचे. बाबा उंबऱ्यावर बसले होते, नजर जमिनीवर. हवा दमट होती. बारकीलाही नाकाला कळत होतं, इतकी दमट. दादानं एकदा नदीकडे बघितलं, एकदा माळाकडे, पुन्हा नदीकडे. तो काय बघतोय ते तिला स्वच्छ दिसत होतं. खालचा आधी घ्यायला हवा होता. आज तरी खालचाच. पण खालचा म्हटलं असतं तर ते बाबांचं झालं असतं. ज्या शब्दासाठी गालावर आवाज झाला तो शब्द परत घेतल्यासारखं झालं असतं. उंबऱ्यावरच्या म्हाताऱ्यानं नुसता खोकला काढला असता तरी कदाचित निभावलं असतं, दादाला विरुद्ध जायला किंवा मान तुकवायला काहीतरी मिळालं असतं. बाबा खोकले नाहीत.

"वरचा," दादा म्हणाला.

बाबा उठले, त्यांनी विळा घेतला आणि सगळ्यांत मागच्या ओळीला जाऊन उभे राहिले. तिथंच कापत राहिले, मजुरासारखे, ओळ न मोडता. दादा पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होता. बारकीची कंबर मोडली, बोटांना फोड आले. पण हातांना जुनी चाल आठवली होती, मूठ धरायची, ओढायची, मागे टाकायची, आणि त्या चालीत डोकं रिकामं होत होतं. फक्त मधे मधे तिला वाटायचं की सगळी ओळच्या ओळ काहीतरी ऐकायला कान लावून वाकलेली आहे.

वरचा तुकडा उरकत आला होता तेव्हा भरदुपारी अंधारून आलं. आधी गारा. पाठीवर कुणी खडे मारावेत तशा. मग पाऊस असा, की शेजारचा माणूस दिसेना. सगळ्यांनी बांधलेल्या पेंढ्यांवर जे सापडेल ते टाकलं, ताडपत्री, पोती, अंगावरचे कोट, आणि त्यांवर अंग टाकून पडून राहिले. वरचा वाचला. पाऊस ओसरल्यावर सगळे खाली नदीकाठी गेले, कुणी कुणाला चला न म्हणता. खालचा तुकडा नव्हताच. उभ्या गव्हाच्या जागी एक पिवळट, लोळलेलं, ओलं काहीतरी पसरलं होतं आणि नदीकडून त्यात गढूळ पाणी शिरत होतं.

पुढचं सांगायचं तर, दादा त्यानंतर वखारीत परत गेला नाही, आणि कुठला तुकडा आधी हे बाबांनी मरेपर्यंत पुन्हा कधी सांगितलं नाही. बारकी आपल्या मशीनवर परत गेली, आणि कापणीच्या दिवसांत चार दिवस रजा घेऊन गावी जाऊ लागली. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी बांधावर कुणालाच पुढचं माहीत नव्हतं. दादा बाबांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. इतक्या जवळ उभं राहायची काही गरज नव्हती. हातभर अंतरावर, गाल त्यांच्याकडे करून, टोपी काढून हातात घेतलेली. तो वाट बघत होता. सगळेच बघत होते. नकळत बारकीची मान खांद्यात गेली. बाबांचा हात हलला. त्या हातानं त्यांच्या स्वतःच्याच तोंडावरचं पाणी पुसलं आणि तो खाली गेला. ते शेताकडे बघत होते.

"आता काय करायचं?" ते म्हणाले.

बारकीला पहिल्यांदा तो टोमणा वाटला. मग तिनं त्यांचा चेहरा बघितला. ते विचारत होते. उत्तर हातात नसताना बाबांनी कुणाला काही विचारलेलं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं, आणि तिच्या अंगावर जो काटा आला तो लहानपणीच्या कुठल्याही थपडेनं आला नव्हता. दादालाही ते कळलं होतं. ज्याची तयारी करून तो उभा होता ते आलं नाही, आणि जे आलं त्यासाठी त्याच्याजवळ काहीच नव्हतं.

"मला नाही माहीत, बाबा," तो म्हणाला.

बाबांनी मान हलवली. मलाही नाही, असं म्हणाले की नुसते ओठ हलले, ते बारकीला नीट ऐकू आलं नाही, कारण त्याच वेळी पाण्याचा आवाज झाला. वहिनी केव्हाच आत उतरली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, पोराला मागे घेऊन, ती चिखलातून एकेक मूठ लोळलेली ताटं वर काढत होती, झटकत होती, कणसं बघत होती, आणि जी बरी होती ती पोराच्या हातात देत होती. तिनं मागे वळूनही बघितलं नाही. नुसतं ओरडून विचारलं, बघत काय उभे राहिलात?

बारकीनं जोडे काढले. चिखल गार होता, घोट्याच्या वर येत होता. दोन पावलं पुढे गेल्यावर तिला मागे पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला, मग आणखी एक. दोघांपैकी आधी कोण उतरलं ते तिनं बघितलं नाही. तिनं खाली वाकून मूठ भरली.